स्प्रेडशीट शिकणं (सोलापूर)

स्प्रेडशीट म्हणजे आडव्या ओळी आणि उभ्या कॉलमच्या चौकटीत आकडे भरून कॉम्प्युटरकडून हिशोब करून घ्यायचं सॉफ्टवेअर. एक्सेल, गुगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्क ही आज जास्त चालणारी. सुरुवात १९७९ ला ॲपल २ वरच्या व्हिसिकॅल्कने झाली, ते डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी केलं. एक्सेल १९८५ चं, आधी मॅकिंटॉशवर आणि १९८७ ला विंडोजवर.

सोलापुरात हे शिकणारी कॉलेजची पोरं असतातच, पण चादरी-टॉवेलच्या कारखान्यात बिलं करणारे, दुकानाची उधारी बघणारे, बचत गटाचा हिशोब ठेवणाऱ्या बायका पण असतात. बऱ्याच जणांची पहिली ओळख एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर कोर्सच्या वेळी होते. नवीन माणसाचा जीव आधी बॉर्डर आणि रंगात अडकतो, ते दोन दिवसांत येतं. खरं शिकायचं ते हे की सेलमध्ये (म्हणजे एका चौकोनात) दिसतं एक आणि आत असतं वेगळंच, एकदा हे डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

साधं चादरीचं बिल घ्या. ए कॉलममध्ये माल, बी मध्ये नग, सी मध्ये दर. डी२ मध्ये (डी कॉलम, दुसरी ओळ) बरोबरचं चिन्ह टाकून बी२ गुणिले सी२ लिहायचं, एंटर मारला की रक्कम येते, पण सेलवर क्लिक केलं तर वरच्या पट्टीत रक्कम नाही, फॉर्म्युला दिसतो. कॅल्क्युलेटरवर गुणाकार करून उत्तर टाइप केलं तर आज बिल बरोबरच येईल, पण उद्या गिऱ्हाईक म्हणालं ५० नको ६० नग द्या की ती रक्कम जागची हलणार नाही आणि बेरीज चुकणार. म्हणून आकडा एकाच जागी लिहायचा, बाकी सगळं फॉर्म्युल्यावर सोडायचं.

पुढे सेलचा उजवा खालचा कोपरा धरून खाली ओढला की तोच फॉर्म्युला प्रत्येक ओळीत जातो, तिसऱ्या ओळीत आपोआप बी३ गुणिले सी३ होतो. ही मोठी सोय आहे आणि नवे लोक अडकतात ते पण इथंच. समजा टॅक्सचा टक्का एफ१ मध्ये लिहिलाय, डी२ गुणिले एफ१ करून खाली ओढलं तर पुढच्या ओळीत एफ२ होतं, ते रिकामं, म्हणून टॅक्स शून्य. त्यासाठी एफच्या आधी आणि १ च्या आधी डॉलरचं चिन्ह द्यायचं (एक्सेलमध्ये एफ४ ही की दाबली तरी येतं), मग कितीही ओढा, तो सेल जागा सोडत नाही. माझ्या मते पहिल्या आठवड्यात बाकी काही नाही आलं तरी चालेल, पण हे आलंच पाहिजे.

तारखेचं पण दिसतं एक आणि आत वेगळंच, आत ती एक संख्या असते, एक्सेल विंडोजवर १ जानेवारी १९०० ला १ धरून मोजतं, म्हणून तर दोन तारखांची वजाबाकी करून उधारी किती दिवसांची झाली ते काढता येतं. आपल्याकडे टिंब देऊन तारीख लिहायची सवय, ती मात्र बऱ्याच सेटिंगमध्ये नुसता मजकूर धरली जाते. ओळखायची खूण सोपी आहे: आपण अलाइनमेंट बदललेली नसेल तर आकडा आणि तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे.

मोठ्या नंबरांना जपायचं. एक्सेल १५ अंकांपर्यंतच नीट धरतं, १६ अंकी नंबर टाकला तर शेवटचा अंक शून्य होऊन जातो आणि सुरुवातीचं शून्य तर कुठल्याही आकड्यातून उडतंच, तेव्हा बँक खात्याचे नंबर भरण्याआधी कॉलमला टेक्स्ट फॉरमॅट द्यावा, नंतर देऊन उडालेले अंक परत येत नाहीत.

सॉर्ट करताना (म्हणजे क्रम लावताना) एकटा नावांचा कॉलम निवडू नये. नावं हलतात, शेजारची बाकी तिथंच राहते आणि एकाची उधारी दुसऱ्याच्या नावावर चढते. लगेच कंट्रोल झेड मारला तर सगळं पूर्ववत होतं, फाइल सेव्ह करून बंद केली तर नाही.