पार्श्वभूमी : घरचा कचरा किती उचलायचा, हे कशावरून ठरत आले

एका घराला दोनच पिशव्या, १२० लिटरचा एकच डबा, पंधरवड्यात एकच फेरी असा नियम शहरात आला की खर्च वाचवायला काढलेली ही नवी युक्ती आहे, असे रहिवाशांना वाटते. पण घरचा कचरा उचलणे ही नगरपालिकांची जबाबदारी ठरली, जवळजवळ तेव्हापासूनच तिला मर्यादाही पडल्या. ती मर्यादा कशात मोजायची, लिटरमध्ये, किलोमध्ये, पिशव्यांच्या संख्येत की फेऱ्यांच्या दिवसांत, हा खरा कळीचा मुद्दा राहिला. कारण ज्या मापाने मोजाल, त्याच मापातून लोक पळवाट काढतात.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये हा प्रश्न जवळपास नव्हताच. घरच्या कचऱ्यात मुख्य भाग कोळशाच्या राखेचा होता. वीटभट्ट्यांना ती राख लागत असल्यामुळे ठेकेदारच पैसे मोजून कचरा उचलण्याचा हक्क विकत घेत. राखेची मागणी घसरली तसा व्यवहार उलटला आणि उचलण्याचा खर्च करदात्यांवर आला. मग ‘घरचा कचरा’ नेमका कशाला म्हणायचे, याची व्याख्या गरजेची झाली. लंडनसाठीच्या १८९१ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने घरचा कचरा आणि धंद्याचा कचरा वेगळा केला. पहिला उचलणे स्थानिक संस्थेवर बंधनकारक होते, दुसऱ्यासाठी धंदेवाल्याला पैसे भरावे लागत. कचरा किती हे पाहण्याआधी तो कोणाचा हे पाहणारी ही मर्यादा. भारताच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत दिवसाला सरासरी १०० किलोहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक म्हणून वेगळे काढले होते, त्यामागेही हाच विचार होता.

भांड्याचे माप कायद्यात बसवले ते पॅरिसने. पॅरिस ज्यात होते त्या सेन प्रांताचे प्रीफेक्ट, म्हणजे सरकारी प्रशासक, युजेन पुबेल यांनी नोव्हेंबर १८८३ मध्ये आदेश काढला आणि जानेवारी १८८४ पासून तो लागू केला. इमारतीच्या मालकाने झाकणाचे डबे पुरवायचे, डब्याचे आकारमान ४० ते १२० लिटर. कुजणारा कचरा एका डब्यात, कागद आणि चिंध्या दुसऱ्यात, काच, फुटकी भांडी आणि शिंपले तिसऱ्यात. वर्गीकरण म्हणजे अलीकडचे फॅड असे मानणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावे. या आदेशाला मोठा विरोध कचरावेचकांचा होता. रस्त्यावरच्या ढिगातून चिंध्या आणि हाडे वेचून जगणाऱ्या माणसांसमोरचा ढीगच नाहीसा होणार होता. पुढे डब्याला फ्रेंचमध्ये ‘पुबेल’ हेच नाव पडले.

१२० लिटरच्या आसपासचा आकडा नंतरही पुन्हापुन्हा भेटतो. अमेरिकेतला घरगुती कचऱ्याचा जुना प्रमाणित डबा ३२ गॅलनचा, म्हणजे सुमारे १२१ लिटरचा. याहून मोठा भरलेला डबा एका माणसाला उचलून गाडीत रिकामा करता येत नाही. खरे तर इतका डबाही राखेने भरला तर ७० किलोच्या घरात जातो. ओल्या कचऱ्याने भरला तर ५० किलोच्या आसपास. म्हणून नुसते लिटर सांगून भागत नाही, वजनाचीही अट लागते. हाताने ओझे उचलण्यासाठी अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने १९९१ मध्ये जे सूत्र दिले, त्यात अगदी अनुकूल स्थितीतही कमाल भार २३ किलो धरला आहे. वाकून, वळून आणि दिवसाला शेकडो वेळा उचलायचे असेल तर तो आणखी खाली येतो. मर्यादेवर चिडणाऱ्या किती जणांना ठाऊक असते की सुरुवातीच्या काळात ती सफाई कामगाराच्या कमरेसाठीही होती?

विसाव्या शतकाच्या मध्यावर कचराच बदलला. ब्रिटनमध्ये १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर घरातला कोळसा कमी होत गेला आणि राखही आटली. तिची जागा वेष्टनांनी घेतली. कचरा हलका झाला, पण फुगला. पुढे चाकांचे डबे आणि ते उलटे करणारे यांत्रिक हात आले. युरोपीय मानकाप्रमाणे २४० लिटरच्या दोन चाकांच्या डब्यात ९६ किलोपर्यंत भार चालतो. कामगाराची कंबर सुटली, हे चांगलेच झाले. पण दुप्पट मोठा डबा दाराशी आला की तो भरण्याची सवयही लागते. मर्यादा जणू उठलीच होती.

ती परतली कचरा पुरण्याच्या जागांमुळे, म्हणजे कचराभूमींमुळे. अमेरिकेतल्या सिएटल शहराने १९८१ मध्ये सर्वांना सारखे शुल्क बंद करून डब्यांच्या संख्येप्रमाणे शुल्क लावले. पुढच्या पाच वर्षांत, १९८३ आणि १९८६ मध्ये, शहराच्या दोन्ही कचराभूमी बंद झाल्या. १९८९ मध्ये १९ गॅलनचा छोटा डबा आला, नंतर १२ गॅलनचाही. मोठा डबा हवा तर जास्त पैसे. लोकांनी कचरा कमी केला, आणि उरलेला डब्यात उभे राहून पायांनी तुडवून बसवला. या प्रकाराला ‘सिएटल स्टॉम्प’ असे नावच पडले. आकारमान मोजले की हे होणारच. यात फायदा कमी आणि तोटा जास्त, कारण दाबणी करणारी गाडी कचरा तसाही तीन-चार पट दाबते. घरात तुडवून गाडीतली जागा फारशी वाचत नाही, उलट डबा जड होतो आणि चिकटलेला कचरा उलटताना पडत नाही.

याचे मोजमाप व्हर्जिनिया राज्यातल्या शार्लट्सव्हिल शहरात झाले. तिथे जुलै १९९२ पासून ३२ गॅलनच्या प्रत्येक पिशवीला ८० सेंट द्यावे लागू लागले. फुलर्टन आणि किन्नमन या अर्थशास्त्रज्ञांनी ७५ घरांचा कचरा आधी आणि नंतर तोलला. आकारमान ३७ टक्क्यांनी उतरले, वजन मात्र १४ टक्क्यांनीच. त्या घटीतलाही काही भाग चोरून इतरत्र टाकलेला असावा, असा त्यांचा अंदाज होता. पिशव्या मोजून यश जाहीर करणाऱ्या प्रत्येक पालिकेने हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत.

दक्षिण कोरियाने १ जानेवारी १९९५ पासून देशभर ठरावीक पिशव्यांची पद्धत लावली. उचलण्याचे शुल्क पिशवीच्या किमतीतच, आणि दुसऱ्या पिशवीतला कचरा उचलायचा नाही. पुनर्वापराच्या वस्तू मात्र विनाशुल्क. तैपेईने जुलै २००० मध्ये याच वाटेने जाताना त्याआधीची विचित्र पद्धत मोडली. तिथे कचऱ्याचे शुल्क पाण्याच्या वापरावरून आकारले जात होते. इमारतींचा प्रश्न मात्र अवघड. सामाईक डब्यात कोणी किती टाकले हे कळत नाही. मर्यादा इमारतीला लागते, घराला नाही, आणि मग कोणालाच ती आपली वाटत नाही. कोरियात २००५ पासून अन्नाचा कचरा थेट पुरायला बंदी आली, आणि २०१३ च्या सुमारास वजन करणारे डबे पसरले. घराचे कार्ड लावल्यावर झाकण उघडते, टाकलेला कचरा तोलला जातो आणि तेवढाच त्या घराच्या नावावर पडतो. ओला कचरा तुडवून हलका होत नाही, म्हणून त्याला किलोचेच माप योग्य.

ब्रिटनने वेगळी बाजू धरली ती फेऱ्यांची. १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने डबे किती आणि कसे हे ठरवण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला. १९९९ च्या युरोपीय निर्देशाने कुजणारा कचरा पुरण्यावर टप्प्याटप्प्याने मर्यादा आणली. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी उरलेल्या कचऱ्याची फेरी पंधरवड्यावर गेली, इंग्लंडमधल्या ‘बरी’ (Bury) इथे २०१४ मध्ये तीन आठवड्यांवर, आणि वेल्समधल्या कॉनवीत २०१८ मध्ये चार आठवड्यांवर. इथे एक अट पाळलीच पाहिजे : अन्नाचा कचरा वेगळा आणि दर आठवड्याला उचलायचा. उष्ण हवेत घरमाशीचे अंडे ते माशी हे चक्र सात ते दहा दिवसांत पुरे होते, अळ्या तर त्याआधीच डब्याबाहेर पडतात. उष्ण प्रदेशात आठवड्याची फेरीही अपुरी पडते. ओल्या कचऱ्याची सोय न करता फेऱ्या कमी करणे म्हणजे दुर्गंधी आणि माश्या घरोघरी वाटणे होय.

मर्यादा लावली की अपवादही आधीच लिहावे लागतात. लंगोट वापरणारी मुले किंवा रुग्ण असलेले घर, मोठे कुटुंब, डबा ओढता न येणारे वृद्ध. पूर्वसूचनेची मुदतही हवी आणि डब्याबाहेर ठेवलेल्या जादा पिशवीचे काय करायचे, याचे उत्तरही. कॅनडातल्या हॅलिफॅक्सने २०१५ मध्ये सहा पिशव्यांवरून चारवर येताना पिशव्या पारदर्शक केल्या. वर्गीकरण झाले आहे की नाही हे गाडीवरच्या कामगाराला उघडल्याशिवाय दिसावे, हा हेतू. आपला कचरा शेजाऱ्यांना दिसणार म्हणून लोक अस्वस्थ होणार हे उघड होते. म्हणून चारपैकी एक पिशवी गडद रंगाची ठेवायची मुभा नियमातच देण्यात आली.