उंट, दोर आणि ऋण: ग्रीक पाठाखालची अरामी

धनवानाने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणे सोपे, असे येशूचे एक प्रसिद्ध वचन आहे. त्यातला उंट हा मुळात उंट नव्हताच, अरामी भाषेतल्या 'गमला' या शब्दाचा दोर असाही अर्थ होतो आणि ग्रीक भाषांतरकार तिथे फसला, असे सांगणारा मजकूर अधूनमधून मोबाइलवर फिरत असतो. त्याच्या शेवटी बहुधा असेही लिहिलेले असते की खरा, मूळ नवा करार 'पेशित्ता' या अरामी ग्रंथात सुरक्षित आहे. मजकूर लिहिणाऱ्याची उत्सुकता योग्य दिशेची आहे. उदाहरण मात्र त्याने नेमके चुकीचे निवडले आहे.

येशू गालीलचा होता आणि त्याची रोजची बोली अरामी होती, याविषयी अभ्यासकांत फारसा वाद नाही. त्याचे जीवन आणि वचने सांगणारी चारही शुभवर्तमाने (मत्तय, मार्क, लूक, योहान) मात्र आपल्यापर्यंत आली ती त्या काळच्या व्यवहारातल्या कोइने ग्रीकमध्ये. म्हणजे येशूची वचने आपण ग्रीकमध्ये वाचतो तेव्हा बहुतेक वेळा भाषांतरच वाचत असतो. या भाषांतराखालची अरामी कधी कधी उघडी पडते, आणि ती सर्वांत स्वच्छ दिसते येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत.

मत्तयाच्या शुभवर्तमानात (६:१२) ही प्रार्थना 'ओफेलेमाता' सोडण्याची विनंती करते. हा शब्द हिशेबाच्या वहीतला आहे. त्याचा अर्थ देणे, कर्ज. सर्वसाधारण ग्रीक वाचकाला त्यातून पाप सुचले नसते, आणि मत्तय स्वतः दोनच ओव्यांनंतर त्याच मुद्द्यासाठी 'अपराध' या अर्थाचा वेगळा शब्द वापरतो. लूकच्या शुभवर्तमानात (११:४) याच जागी 'हामार्तिया', म्हणजे सरळ 'पाप' आहे. पण गंमत पुढच्या अर्ध्या ओळीत आहे. आमची पापे सोड, असे म्हटल्यावर लूक 'आमच्याविरुद्ध पाप करणाऱ्यांना' असे लिहीत नाही. 'आमचे देणे लागणाऱ्या प्रत्येकाला' आम्हीही सोडतो, असे लिहितो. पहिल्या अर्ध्यात पाप आणि दुसऱ्या अर्ध्यात कर्ज, असा हा सांधा ग्रीकमध्ये विजोड दिसतो.

अरामीत तो विजोड राहत नाही, कारण तिथे दोन्हींसाठी 'होबा' हा एकच शब्द आहे. जो देणे लागतो तो आणि जो दोषी ठरतो तो, दोघेही एकाच धातूपासून बनलेल्या शब्दाने ओळखले जातात. हिब्रू शास्त्राच्या अरामी भाषांतरांत, म्हणजे तार्गुमांमध्ये, पापासाठी हाच शब्द जागोजागी येतो. त्यामुळे मत्तयाच्या परंपरेने 'होबा'चे शब्दशः 'कर्ज' केले, लूकच्या परंपरेने ग्रीक वाचकाची अडचण ओळखून पहिल्या जागी 'पाप' केले आणि दुसरी जागा तशीच ठेवली, असे मानले की दोन्ही पाठ एकदम उलगडतात. मराठी बायबलमध्ये मत्तयाच्या त्या ओवीत 'ऋण' आणि 'ऋणी' हे शब्द येतात, ते त्याच ग्रीक शब्दामागून.

आता हीच ओवी पेशित्तात पाहावी. पेशित्ताची भाषा सिरियाक, म्हणजे एडेसा (आजच्या तुर्कस्तानातील उर्फा) भागात बहरलेली अरामीची पूर्वेकडची बोली; केरळातील सिरियन ख्रिस्ती परंपरेची उपासनाभाषा हीच. ती येशूच्या गालीली बोलीची बहीण आहे, पण ती बोली नव्हे. पेशित्ता हा मूळ पाठ असता, तर मत्तय आणि लूक दोन्हीकडे 'होबा' याच धातूचा शब्द सापडायला हवा होता. प्रत्यक्षात मत्तयात तो आहे. लूकमध्ये मात्र 'हताहे' हा पापाचा वेगळाच शब्द आहे आणि पुढच्या अर्ध्यात पुन्हा देणेकरी! ग्रीकमध्ये पडलेली फूट सिरियाकमध्ये जशीच्या तशी उतरली आहे, म्हणजे भाषांतरकारासमोर ग्रीक पाठ होता. दुसरा पुरावा मार्कच्या पंधराव्या अध्यायात आहे. तिथे येशूचा क्रुसावरील अरामी आक्रोश देऊन मग त्याचा अर्थ ग्रीकमध्ये सांगितला आहे. पेशित्ता तो आक्रोश देते आणि 'म्हणजे' असे म्हणून जवळजवळ तेच वाक्य अरामीतच पुन्हा लिहिते. अरामी वाचकाला अरामीचा अर्थ सांगण्याची गरज मूळ लेखकाला कशी पडेल?

या कसोटीवर उंट टिकून राहतो आणि दोर सुटतो. उलटे भाषांतर करून मूळ शब्द शोधायचा, तर आधी ग्रीक पाठात काहीतरी अडखळायला हवे. इथे काहीच अडखळत नाही. अशक्य गोष्टीची ही अतिशयोक्ती मुद्दामच आहे: ती ऐकून शिष्य थक्क होतात, आणि बाबिलोनी तल्मूद या ज्यू धर्मग्रंथात तर सुईच्या नेढ्यातून जाणारा हत्ती आहे. शिवाय दोराची कल्पना टिकण्यासाठी अरामीची गरजही नव्हती. ग्रीकमध्ये 'कामेलोस' म्हणजे उंट आणि 'कामिलोस' म्हणजे जाड दोर. पुढे दोन्हींचा उच्चार सारखा झाला, काही उशिराच्या हस्तलिखितांत दोर शिरला आणि पाचव्या शतकातील अलेक्झांड्रियाचे ख्रिस्ती धर्माचार्य सिरिल यांनीही दोराच्या बाजूने मत दिले. अतिशयोक्ती सहन न होणाऱ्यांची ही सोय जुनी आहे. त्याच जातीची दुसरी सोय म्हणजे जेरुसलेममधील 'सुईचे नेढे' नावाचा बुटका दरवाजा, ज्यातून उंट गुडघे टेकून जाई. अशा दरवाजाचा कोणताही पुरातत्त्वीय पुरावा नाही. राजगडाच्या सुवेळा माचीवरील कातळाच्या भोकालाही आपण नेढे म्हणतो, म्हणून मराठीत सुई ओवताना कोणी किल्ला चढत नाही.

आणखी एक शब्द मराठी वाचकाला इतरांपेक्षा चटकन कळेल. ऋण माफ करण्यासाठी अरामीत 'शबक' हा धातू आहे, आणि त्याचा मूळ अर्थ सोडणे. ऋण सोडणे आणि माणसाला सोडून जाणे, दोन्ही त्यात येतात, जशी ती आपल्या 'सोडणे'त येतात. ग्रीक शुभवर्तमानांत या दोन जागी दोन वेगळी क्रियापदे पडली. क्रुसावरील आक्रोश ग्रीक लिपीत, पण अरामीतच जपला गेला, म्हणून तिथे तो धातू अजून ऐकू येतो: 'लमा शबक्तनी', मला का सोडलेस.