शुश्रूषा

आजारी, जखमी, बाळंत, वृद्ध किंवा मरणाच्या दारी असलेल्या माणसाला स्वतःचे जे स्वतः करता येत नाही, ते त्याच्यासाठी आणि होता होईल तो त्याच्याच रीतीने करण्याचे शास्त्र व व्यवसाय म्हणजे शुश्रूषा. अभ्यासक्रमात आणि सरकारी कागदांत ‘परिचर्या’ हा शब्द रुळला आहे. बोलताना सगळे ‘नर्सिंग’ म्हणतात. या नोंदीसाठी जुना शब्द मुद्दाम घेतला आहे. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. त्या धातूच्या इच्छार्थक रूपावरून ‘शुश्रूषा’ हा शब्द बनला आणि त्याचा पहिला अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. गुरूचे ऐकायला मिळावे म्हणून जवळ राहणारा शिष्य त्याची सेवाही करी. त्यावरून सेवा हा अर्थ आला आणि पुढे तो रुग्णसेवेला चिकटला. माणसाची गरज, त्याची संस्कृती आणि त्याचे आरोग्य या शास्त्राच्या पायाशी आहेत, आणि यांतले काहीही ऐकल्याशिवाय कळत नाही.

चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणही चार : उपचारांची जाण, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. आजच्या शिक्षणात यांतले तीन गुण तासिका आणि प्रात्यक्षिके घेऊन शिकवता येतात, तपासता येतात. अनुरागाची परीक्षा घेता येत नाही. तो रात्रपाळीत, पहाटे तीन वाजता, त्याच खाटेवरून पाचव्यांदा हाक आली की दिसतो.

आधुनिक परिचर्येची सुरुवात फ्लोरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांच्यापासून मानतात. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धातल्या जखमींसाठी त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीला गेल्या, आणि १८६० मध्ये लंडनला त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा निघाली. मोकळी हवा, उजेड, स्वच्छता, शांतता आणि आहार यांवर त्यांचा भर होता. माणसाला बरे करतो तो निसर्ग, त्याला ते करता येईल अशा स्थितीत रुग्णाला ठेवणे हे परिचारिकेचे काम, ही त्यांची धारणा. पुढच्या शंभर वर्षांत विचार वाढत गेला आणि व्यक्ती, परिसर, आरोग्य आणि परिचर्या या चार संकल्पनांवर तो स्थिरावला.

व्हर्जिनिया हेंडरसन (१८९७–१९९६) या अमेरिकी परिचारिकेने दिलेली व्याख्या आजही सगळीकडे शिकवली जाते. पुरेशी शक्ती, इच्छा किंवा माहिती असती तर माणसाने जे स्वतःच केले असते ते करायला त्याला मदत करणे, तेही अशा बेताने की तो लवकरात लवकर आपल्या पायांवर उभा राहील. आणि बरे होणे शक्य नसेल तर मरण शांतपणे यावे यासाठी मदत करणे, असा तिचा आशय. हेंडरसनबाईंनी चौदा मूलभूत गरजा मोजल्या. श्वास, खाणेपिणे, मलमूत्र विसर्जन, हालचाल व अंगस्थिती, झोप, कपडे, शरीराचे तापमान, स्वच्छता आणि धोक्यापासून बचाव इथपर्यंत कुणाचाही वाद नसावा. त्यापुढे मात्र बोलून मन मोकळे करणे, आपल्या श्रद्धेप्रमाणे वागणे, काहीतरी काम केल्याचे समाधान, करमणूक आणि शिकणे हेही त्यांनी त्याच यादीत, त्याच मानाने ठेवले. या यादीत रोगाचे नाव कुठेच नाही. मधुमेह असो वा मोडलेले हाड, परिचारिका आधी पाहते ती यांतली कोणती गरज अडली आहे हे.

नागपुरात ‘लकवा मारला’ म्हणतात त्या अर्धांगवायूच्या रुग्णाचे उदाहरण घेऊ. डॉक्टरांच्या लेखी प्रश्न मेंदूतल्या रक्तवाहिनीचा आहे. परिचारिकेच्या लेखी प्रश्न असा की झोपेत आपण सगळे नकळत कूस बदलतो, ती कूस या माणसाला बदलता येत नाही. एकाच जागी भार राहिला की तिथला रक्तपुरवठा अडतो आणि काही तासांत कातडी मरू लागते. म्हणून साधारण दर दोन तासांनी त्याला वळवायचे आणि माकडहाड, टाचा, खुबे, कोपर रोज उघडे करून पाहायचे. लालसर डाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा भरला तर वेळ हातात आहे. दाबूनही तसाच राहिला तर जखमेची सुरुवात झालेली असते. ही खूण गोऱ्या कातडीवरून लिहिली गेली आहे. आपल्याकडच्या सावळ्या, काळ्या अंगावर लाली दिसतच नाही. तिथे हाताच्या पाठीने आजूबाजूची कातडी चाचपून ऊब, कडकपणा किंवा सूज कळते का हे पाहावे लागते. इतके झाल्यावर चादरीची सुरकुती ओढून नीट करायची. या कामाला यंत्र लागत नाही, माणूस लागतो, आणि म्हणूनच गर्दीच्या वॉर्डात पहिल्यांदा हेच मागे पडते.

गरजांचा क्रम लावण्याचे काम अब्राहम मास्लो या मानसशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये केले. आधी शरीराच्या गरजा, मग सुरक्षितता, आपुलकी, मान आणि शेवटी स्वतःतले सर्व गुण फुलणे. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या वहीत हा क्रम पिरॅमिडच्या चित्राने काढलेला असतो. ते चित्र मास्लोचे नाही, नंतर इतरांनी काढले. कामाचा अग्रक्रम ठरवायला ते उपयोगी पडते. श्वास अडलेल्या माणसाचा आधी वायुमार्ग मोकळा करायचा असतो, विचारपूस नंतर. पण माणूस स्वतः आपल्या गरजा या क्रमाने जगतोच असे नाही, आणि हे नागपूरच्या मे महिन्याइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसत असेल.

पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असतो. शरीराला पाण्याची गरज वर्षातली सर्वांत मोठी. अशा दुपारी वॉर्डातल्या बाया पाणी प्यायचे टाळतात, कारण संडास लांब आहे, कडी नीट लागत नाही, बाहेर पुरुष बसलेले आहेत. लाज ही गरज तहानेच्या वर चढून बसते. परिणाम लघवीच्या जळजळीत आणि तापात दिसतो, क्वचित त्याहून वाईट. ‘भरपूर पाणी प्या’ हे वाक्य दहा वेळा सांगून इथे काही होत नाही. खाटेभोवती पडदा ओढणे, कडी दुरुस्त करून घेणे, सोबतीला बाई देणे हीच इथली परिचर्या. उष्माघाताचेही असेच. खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, आंब्याचे पन्हे हे नागपूरकरांचे उन्हाळी शहाणपण आहे आणि त्याला धक्का लावायचे कारण नाही. पण अंग ४० अंशांच्या वर तापले, माणूस बरळू लागला, तर तळपायाला कांद्याचा रस चोळत घरी बसणे जिवावर बेतते. अंग ओले करून वारा घालायचा, मानेशी, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवायचा, शुद्ध नसेल तर तोंडाने पाणी द्यायचे नाही, आणि रुग्णालय गाठायचे.

परंपरेपैकी काय राखायचे, काय जुळवून घ्यायचे आणि काय बदलायचे, याची मांडणी मॅडेलिन लेनिंगर (१९२५–२०१२) यांनी केली. त्या परिचारिकाही होत्या आणि मानववंशशास्त्रज्ञही. न्यू गिनीतल्या गाडसुप लोकांमध्ये राहून त्यांनी अभ्यास केला आणि ‘आंतरसांस्कृतिक परिचर्या’ ही शाखा उभी केली. त्यांचे तीन मार्ग समजायला बाळंतिणीची खोली पुरेशी आहे. डिंकाचे लाडू, अंगाला तेल, डोक्याला बांधलेले फडके हे राखावे. सटवाईची पूजा पाचवीला रुग्णालयातच आली तर दिवा न लावता, हळदकुंकवावर भागवून घ्यावे. बाळाच्या गळ्यातला काळा दोरा फास बसण्याच्या भीतीने पायात बांधायला सांगावे. हे जुळवून घेणे. आणि काही गोष्टी मात्र बदलाव्याच लागतात : पहिला पिवळसर चीक पिळून टाकणे, वर्षाच्या आतल्या बाळाला मध आणि पहिल्या सहा महिन्यांत घुटी देणे, डोळ्यांत काजळ घालणे, बाळंतिणीचे पाणी तोडणे, बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवणे. बदलायचे असेल तिथे बाळाच्या आईशी बोलून भागत नाही. निर्णय आजीचा असतो. आजीला बाजूला घेऊन, तिच्या अनुभवाचा मान ठेवून, तिच्याच हातून बाळाला छातीशी लावून घेतले की काम होते.

नागपूरला या क्षेत्रात मोठी परंपरा आहे. लहान वयात वैधव्य आलेल्या आणि नर्सिंग शिकलेल्या कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्यासोबत १९२१ मध्ये इथे मातृसेवा संघ स्थापन केला. सुइणीच्या हाताखाली अंधाऱ्या खोलीत होणारी बाळंतपणे स्वच्छ जागी, शिकलेल्या हातांनी व्हावीत हा त्यामागचा ध्यास. त्या काळी रक्त, मलमूत्र यांना हात लावणे विटाळाचे मानले जाई आणि पांढरपेशा घरांतल्या बाया या कामाकडे फिरकत नसत. त्यामुळेच देशात नर्सिंगची घडी बसवण्यात ख्रिस्ती मिशनांचा वाटा मोठा राहिला, आणि ख्रिस्ती धर्मभगिनींना लावायचा ‘सिस्टर’ हा शब्द आज साऱ्या परिचारिकांना लागतो. कमलाताईंना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली. नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवरच्या सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींच्या अंगाला स्वतः मालिश करीत. विटाळाच्या कल्पनेवर याहून थेट घाव क्वचितच कुणी घातला असेल.

व्यवसायाला कायद्याची चौकट १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याने मिळाली. २०२३ मध्ये त्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा आला.

मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या दोन मोठ्या सरकारी रुग्णालयांत विदर्भाबरोबरच छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडूनही रुग्ण येतात. एकाच वॉर्डात वऱ्हाडी, झाडीबोली, हिंदी आणि गोंडी कानावर पडते. “आजी, कसं वाटून राहिलं?” असे विचारले तर उत्तर येते, “जीव घाबरून राहिला, सिस्टर.” या चार शब्दांत धडधड, मळमळ, दम लागणे, भीती, काहीही असू शकते. घाईत त्याची नोंद ‘घाबरट स्वभाव’ अशी होते. जाणती सिस्टर विचारते, “छातीत का पोटात? घाम सुटला का? सकाळपासून पोटात काही गेलं का?” आणि विचारता विचारता नाडी, रक्तदाब, साखर पाहून घेते. साखर उतरलेली असू शकते, हृदयाचा झटकाही असू शकतो. मधुमेही म्हाताऱ्या माणसात तो छातीत न दुखताही येतो. याच बोलीत ‘दुखणं अंगावर काढणं’ असाही वाक्प्रयोग आहे. उशीर का केला म्हणून रागावण्याआधी, किती दिवसांची मजुरी बुडाली असती हे विचारलेले बरे.

वेदनेच्या बाबतीत ऐकणे सर्वांत कठीण जाते. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण पुष्कळ आहेत. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांत अडकल्या की हाडांत असह्य कळा येतात. बाहेरून सूज नाही, जखम नाही, आणि तरुण मुलगा पुन्हा पुन्हा इंजेक्शन मागतो. त्याला ‘सवय लागली’ असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. मार्गो मॅकॅफरी या परिचारिकेने १९६८ मध्ये सांगितले की वेदना अनुभवणारा जी सांगतो तीच वेदना, आणि तो म्हणतो तेव्हा ती असते. या मुलाला औषधाइतकेच पाणी हवे, ऊब हवी, आणि आपल्यावर विश्वास ठेवणारे कुणीतरी हवे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ पासून अमलात असलेल्या घटनेने आरोग्य म्हणजे नुसता रोगाचा अभाव नसून शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्याची पूर्ण अवस्था असे म्हटले. ‘पूर्ण’ या शब्दावर टीका झाली, कारण त्या मापाने निरोगी माणूस सापडणे अवघड. आपला ‘स्वस्थ’ हा शब्द जास्त जवळचा वाटतो : जो स्वतःत स्थित आहे तो. आयुष्यभर सिकलसेल घेऊन जगणारा माणूसही या अर्थाने स्वस्थ असू शकतो.

हेंडरसनबाईंच्या व्याख्येतले शांत मरणही या शास्त्रातच येते. कुणाच्या घरचे तोंडात गंगाजल घालतात, कुणी उशाशी त्रिशरण-पंचशील म्हणतात, कुणी कलमा. त्यांना जागा आणि थोडा निवांतपणा हवा असतो. पडदा ओढून, शेजारचा रेडिओ बंद करायला सांगून परिचारिका बाजूला उभी राहते. श्वास थांबल्यावर डोळे मिटणे, जबडा बांधणे, अंग पुसणे हे सगळे जिवंत माणसाचे करावे तितक्याच हळुवार हातांनी होते. हातातली बांगडी, गळ्यातला दोरा काढण्याआधी ती घरच्यांना विचारते, आणि काढलेली प्रत्येक वस्तू मोजून, कागदात बांधून त्यांच्या हाती देते.