व्यावसायिक कर्करोग प्रतिबंध

कामाच्या जागी श्वासातून, त्वचेतून किंवा न धुतलेल्या हाताने तोंडावाटे शरीरात जाणाऱ्या कर्करोगकारक पदार्थांपासून कामगाराला वाचवण्याच्या उपायांना व्यावसायिक कर्करोग प्रतिबंध म्हणतात. ॲस्बेस्टॉस, बेंझीन, स्फटिकी सिलिकाची धूळ, लाकडाचा भुसा, सहासंयुजी क्रोमियम (क्रोमियम धातूच्या संयुगांचे एक घातक रूप) आणि डिझेलचा धूर हे असे काही परिचित पदार्थ. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे सगळे पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो असा पुरेसा पुरावा असलेल्यांत, घातले आहेत.

काम आणि कर्करोग यांचा संबंध जुना आहे. धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचे कारण काजळी असल्याचे लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी 1775 मध्ये दाखवले. जर्मनीत लुडविग रेन यांनी 1895 मध्ये रंगकारखान्यातील कामगारांच्या मूत्राशयाच्या कर्करोगाची नोंद केली.

या क्षेत्रातली खरी अडचण काळाची आहे. ॲस्बेस्टॉसचे तंतू छातीत गेल्यावर मेसोथेलिओमा, म्हणजे मुख्यतः फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, दिसायला बहुधा 20 ते 50 वर्षे लागतात. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो, कधी कारखानाही बंद पडलेला असतो. म्हणून ‘आजवर कोणाला काही झालं नाही’ हा युक्तिवाद इथे अजिबात चालत नाही. काहींना तर कारखान्यात पाऊल न टाकताच हा आजार झाला: नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना. कपडे कामावरच बदलण्याचा आणि तिथेच धुण्याचा नियम त्यासाठीच आहे.

उपायांचा क्रम ठरलेला आहे. आधी तो पदार्थच वगळायचा किंवा त्याजागी कमी घातक पदार्थ वापरायचा. ते जमत नसेल तर प्रक्रिया बंदिस्त करायची, धूळ उठते तिथेच ती ओढून घेणारी यंत्रणा बसवायची, दगड कापताना पात्यावर पाणी सोडायचे. मास्क सर्वांत शेवटी येतो. प्रत्यक्षात मात्र अनेकदा पहिला आणि एकमेव उपाय तोच असतो, आणि हे चूक आहे. घट्ट बसणारा मास्क दाढीवर नीट बसत नाही. कडेच्या फटीतून धूळ आत जाते. कामाची पाळी संपताना दाबाच्या हवेच्या नळीने अंगावरची धूळ उडवण्याची सवयही तितकीच वाईट. कपडे स्वच्छ दिसतात, पण बारीक कण हवेत तरंगत राहतात आणि शेजारच्याच्या श्वासात जातात. तिथे निर्वात झाडणीयंत्र (व्हॅक्यूम क्लीनर) वापरावे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1974 च्या करार क्र. 139 मध्ये पर्यायी पदार्थ वापरणे, संपर्कात येणाऱ्यांची संख्या आणि संपर्काचा काळ कमीत कमी ठेवणे, नोंदी ठेवणे आणि गरजेनुसार नोकरी सुटल्यानंतरही वैद्यकीय तपासणी करणे ही बंधने आहेत. युरोपीय संघाच्या निर्देशानुसार संपर्काच्या नोंदी संपर्क थांबल्यानंतर किमान 40 वर्षे जपाव्या लागतात. म्हणजे पंचविशीत काम सोडलेल्याला पासष्टीत आजार झाला, तरी तो कुठल्या विभागात, कशाच्या संपर्कात होता हे कागदावर सापडते.