क्रीडा प्रशिक्षणात लैंगिक गैरवर्तन झाल्यास तक्रार कोठे व कशी करावी : पात्रता, मुदत आणि कागदपत्रे

मैदानावर, तालमीत, जलतरण तलावावर किंवा निवासी अकादमीत प्रशिक्षण घेणाऱ्या खेळाडूशी लैंगिक गैरवर्तन झाले, तर तक्रारीचा मार्ग खेळाडूच्या वयावरून ठरतो. वयाची १८ वर्षे पूर्ण झाली नसतील तर २०१२ चा पोक्सो कायदा, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, लागू होतो, आणि तो मुलगे व मुली दोघांनाही सारखेच संरक्षण देतो. १८ वर्षांवरील महिलेसाठी पोलिसांच्या जोडीला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही आहे. या कायद्यातील 'कामाचे ठिकाण' या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम आणि स्पर्धेचे ठिकाण यांचा स्पष्ट उल्लेख आहे, शिवाय पीडित महिला तेथे नोकरीला असण्याची अट नाही. त्यामुळे शुल्क भरून शिकायला येणारी खेळाडूही त्याखाली तक्रार करू शकते. प्रौढ पुरुष खेळाडूला मात्र हा दुसरा कायदा लागू होत नाही, त्याने थेट पोलिसांकडे जावे.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. 'आधी आपसांत बोलू, स्पर्धा होऊन जाऊ द्या' असे म्हणत प्रकरण अकादमीच्या कार्यालयात थोपवून धरण्याचा अधिकार कोणालाही नाही. पोक्सोच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याची माहिती किंवा तो घडण्याची शक्यता ज्याला कळते, मग तो पालक असो, सहप्रशिक्षक असो की मैदानाची देखभाल करणारा कर्मचारी, त्याने ती स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, तर हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र त्याबद्दल कोणतीही कारवाई होत नाही, म्हणून पुराव्याची खात्री होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. तपास करणे हे पोलिसांचे काम आहे.

माहिती तोंडी दिली तरी चालते. पोलीस ती लिहून घेतात, वाचून दाखवतात आणि २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला व विशेष न्यायालयाला कळवतात. ११२ (आपत्कालीन मदत) किंवा १०९८ (बालकांसाठीची मदतवाहिनी) या क्रमांकांवरही मदत मिळते. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या असलेल्या ठिकाणी, त्याचा विश्वास असलेल्या व्यक्तीसमोर नोंदवला जातो. जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसतो, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवून घेता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करते. घटना दुसऱ्या गावी, शिबिरात किंवा दौऱ्यावर घडली असली तरी जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. ठाण्यात नोंद नाकारली गेली तर तीच माहिती पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवावी.

कागदपत्रे जवळ नाहीत म्हणून तक्रार अडत नाही. वयाच्या पुराव्यासाठी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, आणि ते नसल्यास महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला पुढे लागतो. त्याहून मोलाचे असते ते मोबाईलमध्ये. प्रशिक्षकाने रात्री उशिरा पाठवलेले संदेश संतापून पुसून टाकू नयेत. केवळ स्क्रीनशॉटवर न थांबता मूळ संभाषण आणि तो फोन जपून ठेवावा. दौऱ्यातील खोल्यांच्या वाटपाची यादी आणि हजेरीपट हेही उपयोगी पडतात. प्रसंग नुकताच घडला असेल तर कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत.

प्रौढ महिलेने २०१३ च्या कायद्याखालची तक्रार घटनेपासून, किंवा प्रकार वारंवार घडला असल्यास शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. सबळ कारण असल्यास तक्रारीची चौकशी करणारी समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती असावी लागते. त्याहून लहान अकादमीत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल तर, आणि बऱ्याच ठिकाणी मालक हाच मुख्य प्रशिक्षक असतो, अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातो. अर्जाच्या सहा प्रती, जोडीला पुरावे आणि साक्षीदारांची नावे व पत्ते द्यावेत. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. त्या काळात स्वतःची किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची बदली, किंवा स्वतःसाठी तीन महिन्यांपर्यंत रजा, यांची शिफारस समितीकडे लेखी मागता येते. तडजोड केवळ तक्रारदार महिलेच्या विनंतीवरूनच होऊ शकते, तीही पैशांच्या आधारावर नाही. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्याच कारणाने ती खोटी ठरत नाही, हे अर्ज देताना धास्तावलेल्या प्रत्येकीला कळायला हवे.

पोक्सो नियम, २०२० यांत क्रीडा अकादमींचे नाव घेऊन म्हटले आहे की, मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घेतली पाहिजे. प्रवेशाचा अर्ज भरतानाच पालकांनी ही पडताळणी शेवटची कधी झाली ते विचारावे, आणि उत्तर लेखी मागावे.