मठारकाम

मठारकाम : तांब्या-पितळेच्या भांड्यावर हातोडीने एकाला लागून एक असे ठोके मारून पत्रा कडक व चकचकीत करण्याची कारागिरी. बंब, घंगाळ, हंडा, कळशी यांच्या अंगावर दिसणारे गोल चपटे ठसे ही तिची खूण. पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी या कामासाठी प्रसिद्ध आहे. तिथले त्वष्टा कासार कारागीर पेशवाईच्या काळात कोकणातून आले. मठार म्हणजे नक्षी, असे पुष्कळांना वाटते; पण ते ठोके मुळात भांड्याला बळ यावे म्हणून मारलेले असतात.

तांब्यातले अणू थरांनी रचलेले असतात. ठोका बसला की हे थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून पत्रा न तुटता आकार घेतो. अख्खा थर मात्र एकदम सरकत नाही. रचनेत रेषेसारखे दोष असतात, त्यांना डिसलोकेशन म्हणतात. ते पुढे सरकतात आणि त्यांच्यामागून थर थोडाथोडा हलतो. टेलर, ओरोवन व पोलान्यी या शास्त्रज्ञांनी 1934 मध्ये स्वतंत्रपणे हे मांडले. ठोके पडत जातात तसे हे दोष वाढतात, एकमेकांत गुंततात आणि अडून बसतात. धातू कडक होतो तो यामुळे. तांब्याची मऊ, जाड तार हाताने वाकवून पाहावी: पहिल्यांदा ती सहज वाकते, पण त्याच जागी सरळ करताना जोर लावावा लागतो, आणि असेच चालू ठेवले तर तुटते.

भांडे घडवताना हीच अडचण येते. थोडे ठोकले की पत्रा ताठरतो, तसाच ठोकत राहिले तर चिरतो. म्हणून तो मधूनमधून भट्टीत मंद लाल होईपर्यंत तापवतात. तांबे सुमारे 1085 अंश सेल्सिअसला वितळते. इतकी उष्णता इथे लागत नाही. त्याच्या पुष्कळ खालीच गुंतलेल्या रचनेच्या जागी नवे, निर्दोष स्फटिककण वाढतात आणि धातू पुन्हा मऊ होतो. याला अनुशीतन म्हणतात. तापलेले तांबे पाण्यात बुडवले तरी मऊच राहते. पोलाद मात्र तसे बुडवल्यास कडक होते. लोहार लोखंड लाल असतानाच घण घालतो, तांबट बहुतेक ठोकाई पत्रा गार झाल्यावर करतो. शिशाची गोष्ट आणखी वेगळी आहे. ते साध्या हवेच्या तापमानालाच आपोआप मऊ होते, त्यामुळे कितीही ठोकले तरी कडकपणा टिकत नाही.

मठार सर्वांत शेवटी. भांडे लोखंडी आधारावर चढवून कारागीर एका हाताने ते जरा जरा फिरवतो, दुसऱ्या हाताची हातोडी जवळजवळ एकाच जागी पडत राहते. सुरुवातीला बद्द असणारा आवाज पत्रा ताठरेल तसा खणखणीत होतो. हातोडीचे तोंड आरशासारखे घासलेले लागते, कारण त्यावरचा बारीकसा ओरखडाही प्रत्येक ठशात उमटतो. यानंतर भांडे तापवत नाहीत. आलेला कडकपणा तसाच राखायचा असतो. त्यामुळेच पातळ पत्र्याचे मोठे घंगाळ भरून उचलले तरी आकार सोडत नाही.

पोचा पडलेला जुना बंब दुरुस्तीला आला की हे सगळे पुन्हा करावे लागते. तापवल्यावर पोचा हलक्या हाताने निघतो, पण तिथला कडकपणाही जातो. तेवढ्या भागावर मग नव्याने मठार घालतात.