सांडपाणी प्रक्रिया, लहान शहरांतील

घरगुती सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्ये, निलंबित गाळ व रोगजंतू ते पाणी नदीत मिसळण्यापूर्वी कमी करण्याची व्यवस्था. येथे भुयारी गटारे नसलेली किंवा अपुरी असलेली नदीकाठची नगरपरिषद-शहरे विचारात घेतली आहेत.

मापन व मानके : प्रदूषणाचे नेहमीचे माप म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी (बीओडी). पाण्यातील सेंद्रिय द्रव्य खाताना सूक्ष्मजीव ठराविक मुदतीत जेवढा ऑक्सिजन वापरतात, तेवढी ही मागणी. ब्रिटनच्या सांडपाणीविषयक रॉयल कमिशनने १९१२च्या आठव्या अहवालात पाच दिवसांची चाचणी पुरस्कृत केली. मुदत पाचच दिवसांची का, याविषयी दोन मते आढळतात. ब्रिटनमधील नद्या उगमापासून समुद्रापर्यंत साधारण पाच दिवसांत पोहोचतात, हे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांतून फार फिरते. दुसऱ्या मतानुसार, अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणू सहसा त्यानंतर जोर धरतात, म्हणून पाच दिवसांत केवळ कार्बनी द्रव्याची मागणी मोजली जाते. चाचणी इतर देशांतही का टिकली, हे दुसऱ्या मताने अधिक चांगले उलगडते. भारतात तापमान लक्षात घेऊन २७° से.ला तीन दिवसांची चाचणी रूढ झाली (भारतीय मानक ३०२५, भाग ४४, १९९३). ती २०° से.च्या पाच दिवसांच्या चाचणीशी तुल्य मानतात. मात्र विघटनाच्या वेगाचे नेहमीचे स्थिरांक घेऊन गणित केल्यास तीन दिवसांच्या चाचणीत एकूण मागणीच्या सुमारे ६१ टक्के आणि पाच दिवसांच्या चाचणीत ६८ टक्के भाग येतो.

त्याच अहवालातील २०:३० हे प्रमाण (लिटरमागे २० मिग्रॅ. बीओडी, ३० मिग्रॅ. निलंबित गाळ) पुढे जगभर उचलले गेले, त्यामागचे गृहीतक तेवढे उचलले गेले नाही. नदीत सांडपाण्याच्या किमान आठपट पाणी असेल आणि त्याची बीओडी २ असेल, तर मिश्रण ४ वर राहते, असा तो हिशेब होता. दख्खनच्या नद्यांना तो पावसाळ्यात लागू पडतो. एप्रिल-मेमध्ये नदीत सांडपाण्याइतकेच पाणी उरले, तर बीओडीचा ३० मिग्रॅ.चा भारतीय नियम पाळूनही मिश्रणाची बीओडी १६ होते. आंघोळीच्या पाण्याची भारतीय मर्यादा ३ आहे. शिवाय २०° से.ला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळतो, ३०° से.ला साडेसातच्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात नदी दोन्हीकडून अडचणीत येते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९मध्ये सांडपाण्याच्या बीओडीसाठी १० मिग्रॅ.ची मर्यादा सुचवली, ती या दृष्टीने सयुक्तिक दिसते.

पद्धती : लहान शहरात संडासाचे पाणी सेप्टिक टाकीत, मोरीचे उघड्या गटारात, आणि टाकीतून ओसंडणारे पाणी पुन्हा त्याच गटारात जाते. सेप्टिक टाकीचा उगम बहुधा फ्रान्समधील मूरास यांच्या १८६०च्या सुमाराच्या टाकीत शोधतात. एक्सेटरच्या डोनाल्ड कॅमरन यांनी १८९५च्या सुमारास तिला हे नाव दिले. टाकीत बीओडी फार तर निम्म्याने घटते, आणि वेळेवर उपसा न झाल्यास तेवढीही नाही. सक्रियित गाळ पद्धतीत (मँचेस्टर, १९१४) सूक्ष्मजीवयुक्त गाळ सांडपाण्यात मिसळून त्याला हवा सतत द्यावी लागते, त्यामुळे वीज गेली की सूक्ष्मजीव गुदमरतात. ऑक्सिडीकरण तलावांना (शैवालाने सोडलेल्या ऑक्सिजनवर सांडपाणी शुद्ध करणाऱ्या उथळ तळ्यांना) वीज लागत नाही, जागा मात्र भरपूर लागते. नागपूरच्या 'नीरी'ने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) त्यांचा बराच पुरस्कार केला.

वाई : मराठी विश्वकोशाचे कार्यालय असलेल्या या कृष्णाकाठच्या गावात २०१८पासून सेप्टिक टाक्यांचा नियोजनबद्ध उपसा होतो : तक्रारीची वाट न पाहता दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी. उपसलेला मैला वेगळ्या संयंत्रात नेतात. त्याने मैल्याचा प्रश्न सुटतो, मोरीच्या पाण्याचा नाही. ते नाल्यावर अडवूनच शुद्ध करावे लागते. नमुन्यांचे आकडेही जपून वाचावे लागतात. वरच्या अंगाला धोम धरण असल्याने आवर्तन सुटलेले असताना घाटावर घेतलेला नमुना साहजिकच बरा येतो.

कायदा : महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९मध्ये, म्हणजे केंद्राच्या पाच वर्षे आधी केला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत राज्यातील प्रदूषित नदीपट्टे २०१८मध्ये ५३ आणि २०२२मध्ये ५५ होते.